तंबोरा, कोयना आणि क्यूबिट

मिरजेच्या सतारमेकर गल्लींत तंबोरा तयार होतो, तेव्हां त्याचें शेवटचें व सर्वांत नाजूक काम म्हणजे जवारी लावणें हें होय. भोपळा वाळला, दांडी जुळली, खुंट्या बसल्या, तारा चढल्या, तरी तंबोरा अद्याप मुकाच असतो. कारागीर घोडीचा पृष्ठभाग किंचित् घांसतो, तारेखालीं सुताचा धागा सरकवितो, तार छेडतो, पुन्हां धागा केसभर हलवितो. आणि तो एका विशिष्ट जागीं आला कीं तार एकदम बोलूं लागते. एकाच षड्जाच्या तारेंतून पंचम ऐकूं येतो, आणखी लक्ष दिलें तर वरचा गांधारहि ऐकूं येतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. मिरजेंत हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेला असून, २०२४ सालीं तेथील सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें.

एका तारेंतून इतके स्वर कसे निघतात, या प्रश्नाकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांचेंहि लक्ष गेलें होतें. भारतीय तंतुवाद्यांवरील त्यांचा निबंध १९२१ सालीं प्रसिद्ध झाला. तार छेडली म्हणजे ती अखंड तर कांपतेच, परंतु त्याच वेळीं दोन भागांत, तीन भागांत, पांच भागांत अशीहि कांपत असते. तीन भागांच्या कंपनाचा तो पंचम आणि पांच भागांच्या कंपनाचा तो गांधार. तंबोऱ्याची रुंद, किंचित् बांकदार घोडी आणि तिच्यावरील सूत यांच्या योगानें हीं सूक्ष्म कंपनें दबून न जातां उठून येतात. हवेंत मात्र या सर्वांची मिळून एकच गुंतागुंतीची लाट जाते, आणि ती पुन्हां निरनिराळ्या स्वरांत सोडविण्याचें काम श्रोत्याचा कान करतो. हेंच काम गणितानें करावयाचें झालें तर त्याला फूरिये रूपांतर म्हणतात. जोझेफ फूरिये या फ्रेंच गणित्याला संगीताशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. घन पदार्थांतून उष्णता कशी पसरते हें तो शोधीत होता. १८०७ सालीं त्यानें निबंध सादर केला व १८२२ सालीं ग्रंथ छापला. कोणताहि आवर्ती चढउतार साध्या लहरींच्या बेरजेनें मांडतां येतो, असें त्याचें म्हणणें. समकालीन पंडितांना तें सहजासहजीं पटलें नाहीं.

या रूपांतराचें मोल केवळ कलावंतालाच आहे असें नाहीं. मिरजेहून वायव्येस, सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यांत, कोयनेचें धरण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे तेथें जो भूकंप झाला, त्याचे धक्के धरणाच्या पोटांतील बोगद्यांत बसविलेल्या यंत्रानें टिपून घेतले. कागदावर उमटली ती एक वेडीवांकडी रेघ. तेवढ्या रेघेवरून अभियंत्याला कांहींच सांगतां येत नाहीं. त्या रेघेंत दर सेकंदाला किती कंप असलेली लहर किती जोराची होती, हें सोडवून पाहिलें म्हणजे मग धरणाच्या स्वतःच्या डोलण्याशीं तिची तुलना करतां येते. कारण दोहोंचा ताल जुळला कीं हादरा वाढतो. कोयनेच्या भिंतीला वरच्या भागांत, जेथें तिचा उतार बदलतो तेथें, तडे गेले होते. ते तेथेंच कां गेले, याची चिकित्सा अनिल चोप्रा व त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनीं कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें १९७३ सालीं प्रसिद्ध केली, आणि कोयनेची ती रेघ जगभरच्या धरणशास्त्रज्ञांच्या अभ्यासाची वस्तु झाली.

आतां या सोडवणुकीला श्रम किती पडतात तें पाहूं. रेघेवरून १०२४ आंकडे उतरून घेतले, तर सरळ पद्धतीनें १०,४८,५७६ गुणाकार करावे लागतात. १९६५ सालीं कूली व ट्यूकी या दोघांनीं एक युक्ति प्रसिद्ध केली. तिनें तेंच काम सुमारें दहा हजारांच्या घरांत येतें. (हीच युक्ति गाऊस या जर्मन गणित्यानें सुमारें १८०५ सालीं टिपून ठेविली होती, परंतु ती त्याच्या कागदपत्रांत पडून राहिली.) घरांतल्या दूरध्वनीयंत्रांत गाणें लागतें, रुग्णालयांत शरीराचें चित्र निघतें, त्यामागें हीच युक्ति काम करीत असते.

येथें क्यूबिटाचा प्रवेश होतो. साधा संगणक ज्या कणावर शून्य किंवा एक लिहितो, त्याच्या जागीं क्वांटम यंत्रांत क्यूबिट असतो. तो शून्य व एक या दोन्ही स्थितींच्या मिश्रणांत राहूं शकतो. दहा क्यूबिट एकत्र आले म्हणजे त्यांच्या मिश्र स्थितीचें वर्णन करण्यास १०२४ आंकडे लागतात. या १०२४ आंकड्यांचें फूरिये रूपांतर करण्यास क्वांटम यंत्राला किती क्रिया पुरतात? दहा, पंचेचाळीस आणि पांच, मिळून अवघ्या साठ. १९ एप्रिल २०२३ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ६००३ कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मान्यता दिली, आणि तेव्हांपासून हा शब्द घरोघर ऐकूं येतो. त्यामुळें दहा हजारांच्या जागीं साठ हें ऐकून, आतां कोयनेच्या रेघेचा निकाल चुटकीसरशीं लागणार, असें सुशिक्षित गृहस्थासहि वाटल्यावांचून राहत नाहीं. ती समजूत कितपत खरी आहे, हें पाहण्यासाठीं त्या साठ क्रिया कोणत्या हें आधीं कळावयास हवें.

सुदैवानें त्यासाठीं क्वांटम यंत्राची गरज नाहीं. आय्.बी.एम्. कंपनीनें २०१७ सालीं किस्किट नांवाची लायब्ररी, म्हणजे पायथन भाषेंतील तयार आज्ञांचा संग्रह, सर्वांस खुला केला. सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांतील विद्यार्थी आपल्या साध्या लॅपटॉपवर तो उतरवून घेऊन लहान मंडलें, ज्यांना सर्किट म्हणतात तीं, रचून पाहूं शकतो. लहान म्हणण्याचें कारण असें कीं तीस क्यूबिटांच्या नुसत्या नोंदीलाच सुमारें सोळा गिगाबाइट स्मृति लागते.

तीन क्यूबिटांचें उदाहरण घेऊं. त्यांवर पांच ही संख्या ठेवावयाची. दोनच अंकांच्या लिपींत ती १०१ अशी लिहितात. प्रत्येक क्यूबिटाला घड्याळासारखा एक कांटा आहे अशी कल्पना करावी. रूपांतरानंतर पहिल्याचा कांटा पांच भागिले दोन, दुसऱ्याचा पांच भागिले चार व तिसऱ्याचा पांच भागिले आठ इतके फेरे फिरलेला असला पाहिजे. पुरे फेरे सोडून दिले तर अनुक्रमें अर्धा, पाव आणि पांच अष्टमांश फेरा उरतो. मंडल हें कसें साधतें? हॅडमार्ड नांवाचें गेट क्यूबिटाला शून्य व एक यांच्या समान मिश्रणांत आणतें, आणि मूळ अंक एक असेल तर त्याचा कांटा अर्धा फेरा फिरवून ठेवितें. पहिल्या क्यूबिटाला तें लावलें: अंक एक, म्हणून अर्धा फेरा. मग दुसऱ्या क्यूबिटाचा अंक एक असेल तरच पहिल्याचा कांटा आणखी पाव फेरा न्यावयाचा. अंक शून्य आहे, म्हणून कांटा जागचा हलत नाहीं. तिसऱ्याचा अंक एक असेल तर एक अष्टमांश, तो आहे. बेरीज झाली पांच अष्टमांश. याच रीतीनें दुसऱ्या क्यूबिटाला हॅडमार्ड, व तिसऱ्याकडून पाव फेरा, बेरीज पाव. शेवटीं तिसऱ्याला नुसतें हॅडमार्ड, अर्धा. तिन्ही कांटे हवे तसे मिळाले, पण उलट्या क्रमानें. म्हणून पहिल्या व तिसऱ्याची अदलाबदल करावयाची. तीन हॅडमार्ड, तीन सशर्त फेर, एक अदलाबदल. दहा क्यूबिटांना याच हिशेबानें दहा, पंचेचाळीस आणि पांच.

ही रचना इतकी सोपी असूनहि नवशिक्या तींत हटकून ठेंचाळतो, तें गणितांत नव्हे तर क्रमांत. पाठ्यपुस्तकांत सर्वांत वरची रेघ हा संख्येचा सर्वांत मोठा अंक मानतात. किस्किटांत शून्य क्रमांकाची, म्हणजे वरचीच, रेघ हा सर्वांत लहान अंक असतो. पुस्तकांतील आकृति जशीच्या तशी उतरविली तर एक तीन शून्य झाल्यासारखी संख्या उलटी वाचली जाते. काम शेवटच्या क्रमांकाच्या क्यूबिटापासून सुरू करून शून्याकडे यावें लागतें. आणि मौज अशी कीं चूक पकडण्यासाठीं विद्यार्थी जी कसोटी सर्वांत आधीं लावतो, ती येथें कुचकामाची ठरते. तो मंडल चालवितो, त्याच्यापुढें त्याचेंच उलट मंडल जोडतो, आणि मूळ पांच परत आले हें पाहून निश्चिंत होतो. परंतु चुकीच्या मंडलापुढें त्याचेंच उलट मंडल जोडलें तरीहि मूळ संख्या परत येणारच; घर चुकलेला मनुष्य आल्या पावलीं फिरला तर आपल्या दारींच येतो. खरी कसोटी म्हणजे लहान उदाहरणाचें सगळें कोष्टक साध्या फूरिये कोष्टकाशीं ताडून पाहणें. त्यांतहि एक खोंच आहे. पायथनमधील नेहमींच्या फूरिये आज्ञा कांटा एका दिशेनें फिरवितात, तर क्वांटम मंडल विरुद्ध दिशेनें. तेव्हां तुलना त्या आज्ञेच्या व्यस्त रूपाशीं करावयाची, आणि एकंदर आंकड्यांच्या संख्येच्या वर्गमुळानें गुणावयास विसरावयाचें नाहीं.

क्यूबिट वाढले कीं आणखी एक अडचण उभी राहते. वीस क्यूबिटांच्या मंडलांत सर्वांत लहान फेर हा पुऱ्या फेऱ्याचा १०,४८,५७६ वा भाग असतो. इतका बारीक फेर अचूक देणारें यंत्र कोठून आणावयाचें? डॉन कॉपरस्मिथ यानें १९९४ सालीं दाखविलें कीं अशा अतिसूक्ष्म फेरांना सरळ गाळून टाकलें तरी निकाल फारसा बिघडत नाहीं. जवारीच्या कारागिराला हें नवल वाटणार नाहीं. कोठपर्यंत घांसावयाचें याइतकेंच कोठें थांबावयाचें हेंहि त्याला शिकावें लागतें.

आतां कोयनेच्या रेघेकडे वळूं. वर मिळविलेल्या तीन कांट्यांचें मापन केलें तर काय दिसतें? शून्यापासून सातापर्यंत कोणतीहि एक संख्या, प्रत्येक सारख्याच संभवानें. कांटे किती फिरले होते याचा मागमूसहि मापनांत उरत नाहीं, आणि मापन होतांच मिश्र स्थिति मोडते. तंबोरा ऐकणाऱ्याला षड्ज, पंचम व गांधार एकाच वेळीं ऐकूं येतात, तार मात्र वाजतच राहते. क्यूबिटांच्या तंबोऱ्यांतून दर खेपेस एकच स्वर कानीं पडतो, आणि लगेच तार तुटते. शिवाय भूकंपाचे १०२४ आंकडे आधीं त्या दहा क्यूबिटांत भरावयास हवेत. मनास येतील असे आंकडे भरण्यालाच हजाराच्या घरांत क्रिया लागतात. म्हणजे साठ क्रियांची बचत दाराशींच खर्ची पडते, व आंत मिळतो तो एक स्वर. धरणाच्या अभियंत्यानें आपला साधा संगणक टाकून देण्याचें कांहींच कारण नाहीं.

मग हें मंडल कोणाच्या उपयोगी? ज्याला सगळा आलेख नको आहे, फक्त दडलेला आवर्त हवा आहे, त्याच्या. पीटर शोर यानें १९९४ सालीं हें ओळखलें. सातचे घात करून प्रत्येकास पंधरानें भागावें. बाक्या येतात १, ७, ४, १३, आणि पुन्हां १, ७, ४, १३. आवर्त चारचा. क्वांटम यंत्र शून्यापासून सातापर्यंतचे सर्व घातांक एकत्र मांडून त्यांच्या बाक्या काढतें. बाकी सात वाचली गेली असें समजा. मग घातांकांच्या क्यूबिटांत १ व ५ यांचें मिश्रण उरतें. त्याला आपलें मंडल लावलें म्हणजे मापनांत ०, २, ४ किंवा ६ हेच येतात. विषम संख्या येतच नाहीं. एक व पांच यांच्या जागीं शून्य व चार असते तरी हेच घडतें, कारण जागेचा फरक कांट्यांत जातो व मापनांत नाहींसा होतो. दोन आले तर दोन अष्टमांश म्हणजे एक चतुर्थांश, यावरून आवर्त चार. सहा आले तरी तेंच. शून्य किंवा चार आले तर खेप फुकट गेली असें समजून पुन्हां करावें. आवर्त चार कळला कीं त्याच्या निम्म्या घाताचा, म्हणजे सातच्या वर्गाचा, विचार करावा: ४९. त्याच्या मागचे ४८ व पुढचे ५०. त्यांचे पंधराशीं महत्तम साधारण विभाजक ३ व ५. पंधरा फुटले.

पंधरा कोणीहि फोडील. परंतु सांगलीच्या पेढीवरून साताऱ्याच्या पेढीवर पैसे पाठविणाऱ्या माणसाचा व्यवहार ज्या कुलुपांवर विसंबून असतो, त्यांतील एक प्रसिद्ध कुलूप दोन प्रचंड मूळसंख्यांच्या गुणाकाराचें आहे. तो गुणाकार बहुधा ६१७ अंकी असतो, आणि त्याचे अवयव काढणें साध्या संगणकांच्या आवांक्याबाहेरचें आहे. क्वांटम यंत्रांनाहि तें आज साधत नाहीं. त्यासाठीं किती क्यूबिट लागतील याचा अंदाज २०१९ सालीं दोन कोटींचा होता. २०२५ सालीं क्रेग गिडनी यानें तो दहा लाखांच्या खालीं आणला, आणि काम एका आठवड्याच्या आंत होईल असा हिशेब मांडला. यंत्र आज नसलें तरी कुलूपबंद मजकूर आजच टिपून ठेवतां येतो व यंत्र मिळेल तेव्हां उघडतां येतो. वीस वर्षें गुप्त राहिले पाहिजेत अशा दस्तऐवजांची चिंता म्हणूनच आतांपासून करावी लागते. अमेरिकेच्या मानक संस्थेनें ऑगस्ट २०२४ मध्यें नव्या धर्तीच्या कुलुपांचीं तीन मानकें जाहीर केलीं. त्यांपैकीं दोन अवकाशांत जाळीप्रमाणें मांडलेल्या बिंदूंच्या गणितावर उभीं आहेत, आणि त्या जाळींत या मंडलाला पकडतां येईल असा आवर्त अद्याप कोणासहि आढळलेला नाहीं.