खेकड्याच्या डोळ्यामागचा लगाम

खेकड्याचे डोळे दोन आखूड देठांवर बसवलेले असतात. चाहूल लागली की हे देठ कवचाच्या खाचेत आडवे होतात आणि धोका टळला की पुन्हा उभे राहतात. वरून पाहणाऱ्याला देठांचे काम तेवढेच वाटते. प्रत्यक्षात देठाच्या पोकळीत मेंदूचाच एक विस्तार असतो आणि तिथला चेतापेशींचा एक पुंजका संप्रेरके तयार करतो. खेकड्याने कवच कधी टाकायचे, मादीच्या अंडाशयात अंडी कधी भरायची, रक्तात साखर किती राहू द्यायची, हे बऱ्याच अंशी या पुंजक्यावर अवलंबून असते. महाराष्ट्रात या विषयावर सर्वांत चिकाटीने काम झाले ते औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठात. प्राणिशास्त्र विभागातले प्रा. आर. नागभूषणम् या कामाचे सूत्रधार होते.

मेंदू संप्रेरक तयार करतो ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी वैज्ञानिकांनाही पटत नव्हती. चेतापेशीचे काम संदेश वाहणे आणि ग्रंथीचे काम स्राव सोडणे, अशी पक्की वाटणी ठरलेली होती. 1928 मध्ये अर्न्स्ट शारर या जर्मन संशोधकाला एका लहान माशाच्या मेंदूत ग्रंथीसारख्या दिसणाऱ्या चेतापेशी सापडल्या. त्यावर विश्वास ठेवणारे फार थोडे होते. पुढे मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस आपल्या संप्रेरकांनी पिट्युटरी ग्रंथीला हुकूम देतो, हे सिद्ध झाले. ही संप्रेरके इतक्या सूक्ष्म मात्रेत असतात की रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांना कत्तलखान्यांतून मेंढ्यांच्या आणि डुकरांच्या मेंदूचे लाखो तुकडे गोळा करावे लागले. एवढ्या खटाटोपातून 1969 मध्ये थायरॉइडचे काम सुरू करून देणाऱ्या संप्रेरकाची रचना हाती आली, आणि तो होता अवघ्या तीन अमिनो आम्लांचा रेणू. दोघांना 1977 चे नोबेल मिळाले. ते त्यांनी रोझलिन यॅलो यांच्यासोबत वाटून घेतले.

खेकडे, झिंगे, कोळंबी यांच्या बाबतीत मात्र धागा त्याआधीच हाती लागला होता, कारण त्यांचा संप्रेरकांचा साठा डोळ्याच्या देठात म्हणजे हाताशीच असतो. 1905 मध्ये चार्ल्स झेलेनी यांनी खेकड्याचे देठ काढले, तेव्हा खेकडा लवकर कवच टाकू लागला. 1943 मध्ये पानूझ या फ्रेंच संशोधकाने कोळंबीवर असाच प्रयोग केला आणि तिचे अंडाशय अवेळी वाढले. दोन्ही निरीक्षणांचा अर्थ एकच निघत होता. देठातून येणारे संप्रेरक शरीराला पुढे ढकलत नाही, थोपवून धरते. देठ काढणे म्हणजे लगाम काढणे. ज्या पेशीसमूहात ही संप्रेरके तयार होतात त्याला ‘एक्स-अवयव’ म्हणतात आणि ती जिथे साठतात त्या जागेला ‘सायनस ग्रंथी’.

नागभूषणम् यांच्या कारकिर्दीची सुरुवात समुद्रकाठी झाली. विशाखापट्टणम बंदरातल्या लाकडाला भोके पाडणाऱ्या जीवांवर त्यांनी पी. एन. गणपती यांच्यासोबत काम केले. नंतर अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात मिल्टन फिंगरमन यांच्याबरोबर खेकड्यांच्या रंगबदलाचा अभ्यास केला. खेकड्याच्या त्वचेतले रंगकण पसरतात आणि आकसतात तेही देठातल्या संप्रेरकांमुळेच. समुद्रावर तयार झालेल्या या संशोधकाने पुढे काम केले ते समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या कोरडवाहू मराठवाड्यात, आणि तेही इथल्या ओढ्यानाल्यांतल्या जीवांवर. या संशोधनाचे मोठेपण या निवडीत आहे.

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना 1958 ची. नांदेडचे पीपल्स कॉलेज, यशवंत महाविद्यालय, लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय ही सगळीही पुढे याच विद्यापीठाला जोडलेली होती. संशोधनासाठी निवडलेला एक प्राणी होता बॅरीटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस, म्हणजे नदीकाठच्या मातीत बीळ करून राहणारा गोड्या पाण्यातला खेकडा. त्याच्या बिळात हात घालताना नांगी कशी चुकवायची, हे खेड्यातल्या पोरांना शिकवावे लागत नाही. पण त्याची मादी वर्षभरात कोणत्या अवस्थांतून जाते, याची मोजदाद करणे वेगळे. समुद्री खेकड्यांच्या अंड्यांतून पाण्यात तरंगणाऱ्या अळ्या बाहेर पडतात. गोड्या पाण्यातला हा खेकडा तसे करत नाही. मादी मोजकी पण मोठी अंडी पोटाखालच्या झडपेत सांभाळते आणि त्यातून थेट इवलेसे खेकडेच बाहेर येतात.

ए. डी. दिवाण आणि नागभूषणम् यांनी या खेकड्याच्या प्रजननचक्रावरचे निष्कर्ष 1974 मध्ये प्रसिद्ध केले. पद्धत वेळखाऊ होती. नमुने गोळा करायचे, अंडाशयाचे वजन शरीराच्या वजनाच्या किती टक्के आहे ते काढायचे, ऊतींचे मेणात ठोकळे बनवून मायक्रोटोमवर पातळ काप घ्यायचे आणि खास रंजकांनी रंगवून स्राव भरलेल्या चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायच्या. वर्षाचे चक्र समजल्याशिवाय संप्रेरकाच्या प्रयोगाला अर्थ नसतो, कारण अंडाशय आपोआप वाढण्याच्या काळात देठ काढला तर वाढ कशामुळे झाली ते सांगता येत नाही.

त्यानंतरच्या प्रयोगांचे तर्कशास्त्र साधे आणि भक्कम आहे. एका गटाचे देठ काढायचे, दुसऱ्याचे शाबूत ठेवायचे, तिसऱ्याचे काढून त्याला देठांचाच अर्क टोचायचा. देठ गेल्यावर अंडाशय वाढले आणि अर्क दिल्यावर वाढ अडली, तर अडवणारा पदार्थ देठातच आहे हे ठरते. उलट, मेंदूचा आणि छातीतल्या चेतागुच्छाचा अर्क दिला तर अंडाशयाला चालना मिळते. म्हणजे लगाम डोळ्याच्या देठात आणि टाच मेंदूत व छातीत. अंडी भरण्याची वेळ या दोहोंच्या ओढाताणीतून ठरते. जी. के. कुलकर्णी आणि नागभूषणम् यांनी हेच सूत्र समुद्री कोळंबीला लावले. अंडाशयाच्या वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर देठातल्या अडवणाऱ्या संप्रेरकाची भूमिका काय, हे दाखवणारा त्यांचा निबंध 1980 मध्ये ‘अ‍ॅक्वाकल्चर’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. गुरांना लागणाऱ्या जळवेच्या मेंदूतल्या स्रावी पेशी आणि गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे प्रजनन हेही याच गटाचे विषय होते.

पुढचा प्रश्न होता, लगाम धरणाऱ्या पेशींना कोण सांगते? 1990 च्या दशकात नागभूषणम् पुन्हा टुलेनमध्ये फिंगरमन आणि आर. सरोजिनी यांच्यासोबत या प्रश्नाकडे वळले. लुइझियानाच्या दलदलीतल्या तांबड्या क्रेफिशवर केलेल्या प्रयोगांत त्यांना आढळले की सेरोटोनिन हे चेतापेशींमधले संदेशवाहक रसायन अंडाशयाच्या वाढीला चालना देते, पण ते अंडाशयावर थेट काम करत नाही. मेंदू आणि छातीच्या चेतागुच्छातून चालना देणारे संप्रेरक बाहेर पडायला लावते. डोपामिन आणि एन्केफॅलिन हे रेणू उलट दिशेने ओढतात. हीच नावे माणसाच्या मेंदूच्या अभ्यासातही येतात. माणसात हायपोथॅलॅमसमधले डोपामिन प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या संप्रेरकाला दाबून ठेवते. रोहू, कटला यांसारख्या माशांतही डोपामिन अंडी घालण्याच्या संप्रेरकाला रोखते. म्हणून मत्स्यबीज केंद्रांत दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनमध्ये चालना देणाऱ्या संप्रेरकासोबत डोपामिनला अडवणारे औषधही असते. पावसाळ्याच्या तोंडावर तलावांत सोडले जाणारे बोटुकलीचे पीक या ज्ञानावर उभे आहे.

कोळंबीच्या व्यवसायात मात्र हे ज्ञान कठोर रूपात वापरले गेले. उबवणी केंद्रात मादीने लवकर अंडी द्यावीत म्हणून तिचा एका बाजूचा डोळ्याचा देठ चिमटून किंवा बांधून काढण्याची रीत जगभर रुळली. उत्पादन वाढले, पण देठासोबत साखर, पाणी आणि कवच टाकण्यावरचे नियंत्रणही बिघडते, मादी लवकर थकते आणि प्राण्याला होणारी इजा उरतेच. एकाच देठातून इतकी कामे चालतात, म्हणून एका कामासाठी सगळा देठ कापणे हा ढोबळ उपाय आहे. नेमका उपाय शोधण्याचे मार्ग टुलेनच्या प्रयोगांच्या दिशेचेच आहेत: सेरोटोनिन देणे, डोपामिनला अडवणे, किंवा अंडाशय रोखणाऱ्या संप्रेरकाचे जनुक तात्पुरते गप्प करणे. हा शेवटचा मार्ग थायलंडच्या संशोधकांनी टायगर कोळंबीवर यशस्वीपणे करून दाखवला आहे.

17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि नांदेड, लातूरची महाविद्यालये त्याच्याकडे आली. बारावीच्या जीवशास्त्रात हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीचे धडे पाठ करणारे विद्यार्थी लातूरमध्ये आज हजारोंनी आहेत. ज्या खेकड्यावर चेतापेशींच्या संप्रेरकांचे शास्त्र प्रत्यक्ष तपासले गेले, त्याचे भाऊबंद त्यांच्याच गावच्या ओढ्याकाठी बीळ करून आहेत. प्राणिशास्त्राच्या शिक्षकांनी एखाद्या पावसाळ्यात विद्यार्थ्यांना तिथे न्यावे.