सांचीचे तोरण : जुनी चित्रे आणि आजचे छायाचित्र

सांचीच्या महास्तूपाच्या छायाचित्रात आज चारही तोरणे ताठ उभी दिसतात. मेझी यांनी १८५० च्या सुमारास तेथे रेखाटने केली, तेव्हा दक्षिण व पश्चिम तोरणे कोसळलेली होती. पश्चिमेचे तर १८२२ च्या अविचारी खोदकामामुळे. १८८० नंतर कोल यांनी ती पुन्हा उभारली. मात्र दक्षिण तोरणाच्या वरची व खालची तुळई उलटी बसविली गेली, असे मार्शल यांचे मत आहे. ते आम्हांस ग्राह्य वाटते. कुसिनारेच्या धातुवादाचे शिल्प त्यामुळेच आज स्तूपाकडील बाजूस आहे. महापरिनिब्बानसुत्तातील हा प्रसंग प्रवेश करणाऱ्या उपासकाला समोरच दिसावा, अशी मूळ योजना असावी. केवळ छायाचित्र पाहणाऱ्यास याची शंकाही येणार नाही.