शक्तिमानचं कॉमिक्स निघालं, पण चेहरा मुकेश खन्नांचाच राहिला. असं का?

नव्वदच्या दशकाचा शेवट. मोहोळसारख्या तालुक्याच्या गावात केबल मोजक्या घरांत पोचलेली, बाकी सगळा कारभार छतावरच्या अँटेनावर. रविवारी दुपारी बारा वाजले की गल्ली रिकामी व्हायची. लाईट जाऊ नये एवढीच पोरांची इच्छा. अर्ध्या तासाने तीच पोरं एक हात वर करून गरागरा फिरत बाहेर यायची आणि चक्कर येऊन धडपडायची.

कारण अर्थातच शक्तिमान.

हा शक्तिमान म्हणजे मुकेश खन्ना. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून ते सिनेमात आले, पण हिरो म्हणून गाडी काही पुढे सरकली नाही. मग 1988 साली बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' सुरू झालं. त्यात आपल्याला आधी दुर्योधनाचा रोल देऊ केला होता आणि आपण तो नाकारला, असं खन्ना मुलाखतींमध्ये सांगतात. शेवटी ते भीष्म झाले आणि घराघरांत पोचले. पुढे प्रॉडक्शन कंपनी काढली, तिच्या नावातही भीष्म आहेच.

13 सप्टेंबर 1997 ला दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाली. दिग्दर्शक दिनकर जानी. हिरो एरवी पंडित गंगाधर या नावाने 'आज की आवाज' पेपरात फोटोग्राफर. चष्मा, पुढे आलेले दात, बावळट हसू. पेपरात नोकरी करणारा साधा माणूस आणि आत लपलेला सुपरहिरो, ही आयडिया उघडउघड सुपरमॅनची. पण याची ताकद परग्रहावरून नाही, योगसाधनेतून आलेली. समोर व्हिलन तमराज किल्विष, म्हणजे सुरेंद्र पाल. हेच 'महाभारत'मधले द्रोणाचार्य! कौरवांच्या बाजूने एकत्र लढलेले भीष्म आणि द्रोण इथे समोरासमोर आले, हे तेव्हा कित्येकांच्या लक्षातही आलं नव्हतं.

सिरीयल गाजली तसे वादही झाले. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलं जिवावरचे प्रकार करतायत, अशा बातम्या आल्या. खन्नांना पडद्यावर येऊन मुलांना सांगावं लागलं की असलं काही करू नका. शेवटी 'छोटी छोटी मगर मोटी बातें' मधून तो मुलांना चांगल्या सवयी शिकवायचा, आणि पोरं कान धरून 'सॉरी शक्तिमान' म्हणायची.

आता कॉमिक्सचं.

चाचा चौधरी छापणाऱ्या डायमंड कॉमिक्सने शक्तिमानचीही कॉमिक्स काढली. मरून ड्रेस, छातीवर सोनेरी चक्र आणि चेहरा थेट खन्नांचा. वरवर पाहिलं तर यात विशेष काय? पण जगात बहुतेक वेळा उलटं घडतं. बॅटमॅन कॉमिक्समध्ये आला 1939 साली. टीव्हीवर अ‍ॅडम वेस्टने तो साकारला 1966 मध्ये. वेस्टची सिरीयल 1968 ला संपली, पण बॅटमॅन थांबला नाही, कारण तो वेस्टच्या आधीपासून होता. चेहरे बदलत गेले. पुढे 2013 मध्ये डीसीने 'बॅटमॅन 66' नावाचं कॉमिक काढलं आणि त्यात वेस्टचाच चेहरा काढला. ती एका नटाला दिलेली सलामी होती. बॅटमॅनला त्या चेहऱ्याची गरज नव्हती.

शक्तिमानला मात्र होती. त्याच्यामागे कुठलंही जुनं कॉमिक नव्हतं. आधी माणूस दिसला, मग त्याचं चित्र निघालं. चित्रकाराने वेगळा चेहरा काढला असता तर पोरांनी तो शक्तिमान मानलाच नसता. म्हणजे जे कॉमिक्स एखाद्या पात्राला नटापासून सुटं करू शकतं, त्याने इथे दोघांना आणखी घट्ट बांधून टाकलं.

याची किंमत आत्ता कळतेय. सिरीयल 2005 मध्ये बंद झाली. दूरदर्शनने फी वाढवत नेल्याने परवडेना, असं कारण खन्नांनी सांगितलंय. 2011 मध्ये कार्टून आलं, 2013 मध्ये टीव्हीसाठी सिनेमा आला, पण जुनी हवा काही झाली नाही. मग फेब्रुवारी 2022 मध्ये सोनी पिक्चर्सने शक्तिमानवर मोठ्या सिनेमांची घोषणा केली. रणवीर सिंगचं नाव पुढे आलं आणि 2024 मध्ये खन्नांनी जाहीर विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की, नुसता स्टार असून शक्तिमान होता येत नाही, त्या माणसाची प्रतिमाही तशी लागते.

रणवीरच्या चाहत्यांना हा हट्ट वाटला आणि त्यात तथ्य आहेच. सुपरहिरो जगवायचा तर कधीतरी ड्रेस दुसऱ्याच्या अंगावर चढवावा लागतो. पण ज्याने पात्र उभं केलं, पदरचे पैसे घातले आणि ज्याचा चेहरा कॉमिक्सच्या पानापानावर छापला गेला, त्या माणसाला ते सोडवत नाही, हेही समजण्यासारखं आहे.

नोव्हेंबर 2024 मध्ये टीझर आला. त्यात मरून ड्रेस घालून पुन्हा खन्नाच उभे होते. खाली कमेंटमध्ये कुणी लहानपण आठवून हळवं झालं होतं, तर कुणी लिहिलं होतं, आता पुरे करा, वय झालं.