मालाडच्या दगडाचं वय आणि प्रबंधाचं दुसरं प्रकरण

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत दोन स्थानिक दगडांत बांधलेली आहे: कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट. समजा, मालाडच्या एखाद्या विद्यार्थिनीनं आपल्या उपनगराच्या या दगडावर प्रबंध लिहायला घेतला. पहिलं प्रकरण प्रस्तावनेचं, दुसरं पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं, ही आपल्याकडच्या प्रबंधांची रुळलेली मांडणी. या विषयावर आजवर कोणी काय शोधलं, त्यातलं किती पटण्याजोगं आहे आणि काय कळायचं राहिलं आहे, याचा हिशोब म्हणजे आढावा. तो बहुधा नोंदणीच्या सुमारास लिहिला जातो आणि प्रबंध सादर करायच्या तोंडावर 'सुधारला' जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षं मिळतात. म्हणजे मधे बराच काळ गेलेला असतो. त्या काळात निघालेल्या लेखांवर चार परिच्छेद जोडायचे, संदर्भसूची लांबवायची आणि सुधारणा झाली असं मानायचं, हा सर्रास रिवाज आहे. माझ्या मते याला भर म्हणावं, सुधारणा म्हणू नये. नवं काही हाती आलं की आधी लिहिलेल्या प्रत्येक वाक्याला त्याच्यापुढे जाब द्यावा लागतो. तो द्यायला लावला की कित्येकदा प्रबंधाचा मूळ प्रश्नच बदलतो.

मालाडच्या आसपासचे खडकच याचा पुरावा देतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलबद्दल वृत्तपत्रांत आणि पर्यटनाच्या मजकुरात एक आकडा वर्षानुवर्षं फिरतो आहे: ६ कोटी ६० लाख वर्षं. हा आकडा दख्खनच्या लाव्ह्याच्या मुख्य उद्रेकाचा आहे आणि डायनोसॉरांचा अंतही त्याच सुमाराचा. त्यामुळे टेकडीची गोष्ट आपोआप डायनोसॉरांशी जोडली जाते. पण २००१ साली हेतू शेठ, कांचन पांडे आणि रजनीश भुतानी यांनी आर्गॉन पद्धतीनं केलेली मोजणी प्रसिद्ध झाली. गिल्बर्ट हिलचा बेसॉल्ट सुमारे ६ कोटी ५ लाख वर्षांचा निघाला, बारा लाख वर्षं इकडे किंवा तिकडे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात त्यांनी मुंबईच्या ट्रॅकाइटचं वय दिलं: मार्वेच्या खाडीपलीकडच्या मनोरीचा नमुना ६ कोटी ४ लाख, साकीनाक्याचा ६ कोटी १८ लाख. पुढे २०१७ साली पांडे, यतीश आणि शेठ यांनी मुंबईच्या बेसॉल्टी खडकांसाठी ६ कोटी २५ लाखांच्या आसपासचं वय मांडलं आणि त्याची सांगड भारत व सेशेल्स एकमेकांपासून तुटण्याच्या घटनेशी घातली. आता आपल्या विद्यार्थिनीच्या आढाव्याचं काय होतं ते पाहा. पहिल्या मसुद्यात मालाडचा दगड डायनोसॉरांच्या विनाशाच्या कथेतलं एक उपकथानक होता. हे लेख नीट वाचल्यावर तो त्या विनाशानंतर काही दशलक्ष वर्षांनी घडलेल्या एका वेगळ्याच प्रक्रियेचा साक्षीदार ठरतो: भारताचा पश्चिम किनारा घडण्याचा, जमीन ताणली जाऊन थर समुद्राकडे कलण्याचा. प्रश्न वेगळा, मग वाचायचे लेख वेगळे आणि गोळा करायचे नमुनेही वेगळे. शेवटी जोडलेल्या चार परिच्छेदांतून हे कधीच दिसलं नसतं.

इथे एक अधिक खोल अडचण आहे आणि ती सगळ्याच शास्त्रांच्या आढाव्यांत कोणत्या ना कोणत्या रूपात येते. दोन लेखांतले आकडे एका रांगेत मांडले म्हणजे ते तुलना करण्याजोगे झाले, असं होत नाही. आर्गॉन पद्धतीत नमुन्याचं वय सुटं काढता येत नाही. ज्याचं वय ठाऊक आहे असं एखादं प्रमाण खनिज नमुन्यासोबत अणुभट्टीत ठेवून दोघांची तुलना करतात. अशा प्रमाणांपैकी एक, कोलोरॅडोच्या फिश कॅन्यनमधल्या ज्वालामुखी राखेतलं खनिज, बरीच वर्षं २ कोटी ८० लाख २० हजार वर्षांचं धरलं जाई. २००८ साली ते २ कोटी ८२ लाखांच्या किंचित वर नेण्यात आलं. फरक पाऊण टक्क्याहूनही कमी, पण सहा कोटी वर्षांच्या दगडात तो सुमारे चार लाख वर्षांचा होऊ शकतो. म्हणून २००१ चा आकडा आणि २०१७ चा आकडा शेजारी ठेवण्याआधी प्रत्येकामागे कोणतं प्रमाण होतं हे तपासावं लागतं. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दख्खनच्या उद्रेकांची कालरेषा मांडणारे दोन लेख आले, एक युरेनियम-शिशाच्या आणि दुसरा आर्गॉनच्या मोजणीवर आधारलेला. उद्रेकांचा वेग कधी वाढला याबद्दल त्यांचं एकमत नव्हतं. आढावा लिहिणाऱ्यानं दोघांचे निष्कर्ष एकेका वाक्यात देऊन पुढे जाणं म्हणजे वाचकाला ऐन वादाच्या दारात सोडून देणं आहे. मतभेद कशामुळे झाला, मोजणीमुळे की नमुने कुठून घेतले त्यामुळे, हे सांगणं हाच तर आढाव्याचा धंदा.

यावर एक रास्त आक्षेप येतो. नव्या लेखांना एवढा मान दिला तर जुन्या अभ्यासकांचं काम पुसलं जाणार नाही का? उलट, नीट सुधारलेल्या आढाव्यात जुन्या माणसांना बहुधा न्यायच मिळतो. विसाव्या शतकातल्या पाठ्यपुस्तकांत दख्खनच्या लाव्ह्याचे खालचे, मधले आणि वरचे असे तीन गट केले जात आणि मुंबई वरच्या, म्हणजे सर्वांत तरुण गटात मोडे. ते त्रिभाजन पुढे मोडीत निघालं, पण मुंबईचे खडक मुख्य उद्रेकापेक्षा तरुण असल्याची त्यामागची जाण २००१ च्या मोजणीनं पक्की केली. सुखेश्वाला आणि पोल्डरव्हार्ट यांचा मुंबई परिसरातल्या बेसॉल्टवरचा १९५८ चा लेख आजही उपयोगी पडतो, कारण खडकांचं वर्णन आणि त्यांचं रासायनिक विश्लेषण कालबाह्य होत नाही. कालबाह्य होतात ते त्यावरून काढलेले काही अर्थ. जुन्या लेखातलं निरीक्षण कोणतं आणि अनुमान कोणतं हे वेगळं करणं हे आढावा सुधारण्यातलं सर्वांत कष्टाचं आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत मोलाचं काम आहे.

जिथे कोणी मोजलेलंच नाही, तिथे ऐकीव मजकूर मूळ आधारासारखा मिरवतो. वस्तुसंग्रहालयाच्या वर्णनांत कुर्ल्याचा दगड करडा आहे, तर बोरीबंदरच्या टपाल कार्यालयाच्या वर्णनांत तो पिवळा आहे. दोन्ही वाक्यं पुस्तकांतून आणि फलकांवरून पुढे चालत आली आहेत. कदाचित कुर्ल्याहून दोन जातींचे दगड येत असतील, कदाचित एका नोंदीत घोटाळा असेल. ही दोन वाक्यं पहिल्या मसुद्यात वेगवेगळ्या पानांवर बसलेली असताना विसंगती जाणवत नाही. पुन्हा वाचताना ती समोरासमोर आली की कुठल्या भिंतीजवळ जाऊन दगड तपासायचा हे कळतं.

आपल्याकडे 'आढावा सुधारा' या सूचनेचा अर्थ अलीकडे वेगळाच होऊ लागला आहे. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाविना चालतं. नियम चांगल्या हेतूनं केलेला आहे आणि तो हवाच. पण त्याच्या भीतीनं विद्यार्थी दुसऱ्याच्या वाक्यातले शब्द फिरवत बसतात आणि संगणकानं दाखवलेली टक्केवारी उतरली की प्रकरण संपलं असं समजतात. आता हे शब्द फिरवण्याचं काम कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनंही क्षणात करून देतात. गिल्बर्ट हिलचं ६ कोटी ६० लाख हे वय कितीही नव्या शब्दांत लिहिलं तरी साम्य शून्य टक्के दिसेल आणि चूक मात्र जशीच्या तशी राहील.

उरतो वेळेचा आक्षेप, आणि तो खोटा नाही. नोकरी, तासिका, लोकलचा प्रवास सांभाळून प्रबंध लिहिणाऱ्याला सगळं पुन्हा वाचायला सांगणं निर्दय वाटू शकतं. पण सगळं पुन्हा वाचायचं नसतंच. ज्या पाच-सहा विधानांवर प्रबंध उभा आहे ती वेगळी काढायची, प्रत्येकाचा मूळ लेख उघडायचा, त्या लेखाचा हवाला पुढे कोणी दिला हे पाहायचं आणि त्यांतले विरोधी सूर आधी वाचायचे. हे काम काही आठवड्यांचं आहे, वर्षांचं नाही. थांबायचं कुठे याचंही उत्तर त्यातच आहे: नवा लेख वाचून त्या विधानांपैकी एकही बदलत नाही अशी वेळ सलग काही वेळा आली, की आढाव्याच्या तळाशी शोध थांबवल्याचा महिना आणि साल लिहायचं. मालाडच्या ट्रॅकाइटचं पुढचं वय मोजणाऱ्याला आपली सुरुवात कुठून करायची ते त्या तारखेवरून कळेल.