बर्फातली गाडी आणि उलटा फ्रीज

फाटकाशी दोन गाड्या उभ्या आहेत. दोघी एकाच रस्त्यानं, एकाच बर्फवृष्टीतून आत्ताच इथे पोचल्यात. पण एकीच्या बॉनेटवर बोटभर बर्फ साचलाय आणि दुसरीचं बॉनेट नुसतंच ओलं आहे. असं का बरं? सांगा बघू!

नाही येत? काही हरकत नाही. बर्फवालीच्या मागच्या सीटवर बसा, पट्टा लावा. उत्तर वाटेत सापडेल.

आपण आहोत नॉर्वेत, हाउगास्तोल या ठिकाणी. इथून सात नंबरचा रस्ता हार्डांगरविद्दा नावाच्या पठारावर चढतो. उंची म्हणाल तर साधारण 1,250 मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही थोडी कमीच! पण हा भाग उत्तर ध्रुवाच्या बराच जवळ. पठारावर झाड औषधालासुद्धा सापडायचं नाही. त्यामुळे वाऱ्याला अडवणारं कुणी नाही आणि हिवाळ्यात तो बर्फाचा भुगा उधळत मोकाट सुटतो.

अशा वादळात इथे एकट्यानं जायची परवानगीच नसते. फाटकाशी थांबायचं. मग पुढे बर्फ बाजूला ढकलणारा दांडगा ट्रक आणि त्याच्यामागे गाड्यांची रांग, जणू बदकीण आणि तिची पिल्लं! नॉर्वेतले लोक याला म्हणतात ‘कोलोन्नेशोरिंग’, म्हणजे रांगेनं गाडी चालवणं. गाडीत गरम कपडे आणि फावडं हवंच. काहीही झालं तरी रांग सोडायची नाही आणि गाडी सोडून पायी तर मुळीच जायचं नाही.

निघालो! बाहेर उणे 10 अंश. समोरच्या गाडीचे दोन लाल दिवे आणि रस्त्याच्या कडेला रोवलेल्या उंच काठ्या, एवढंच काय ते दिसतंय. बाकी वरखाली सगळं पांढरंफटक.

आणि हो, आपली गाडी विजेवरची आहे. यात नवल काहीच नाही. 2024 साली नॉर्वेत विकल्या गेलेल्या दर 100 नव्या गाड्यांपैकी जवळजवळ 89 विजेवर चालणाऱ्या होत्या!

बॅटरीला हुडहुडी

थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तर काय होतं? काहीच होत नाही, कारण तेल थिजलेलं असतं. बॅटरीच्या आत एक द्रव असतो आणि त्यातून लिथियमचे विद्युतभारित कण, म्हणजेच आयन, ये-जा करतात. उणे 10 अंशांत हा द्रव खोबरेलासारखा थिजत नाही, पण दाट होतो. मग आयनांचा वेग मंदावतो आणि बॅटरी पटापट वीज देऊ शकत नाही.

चार्जिंगच्या वेळी तर आणखी पंचाईत. आयनांना बॅटरीतल्या ग्राफाइटच्या थरांत शिरायचं असतं. पण गारठ्यात आत शिरायला वेळ लागतो आणि मागून रेटा चालूच. गर्दीच्या वेळची लोकल आठवा. आतले सरकत नाहीत, मग बाकीचे दारातच लटकतात. तसंच लिथियम ग्राफाइटच्या दारातच धातू होऊन चिकटतं आणि बॅटरी खराब होते. म्हणून गाडीतला संगणक आधी बॅटरी ऊबदार करतो, मगच तिला भरभर वीज घेऊ देतो. शहाणे चालक तर घरून निघण्याआधीच, चार्जरची वायर जोडलेली असतानाच, गाडी गरम करून घेतात.

उधळ्या आणि काटकसरी

आता दुसरी अडचण, आपण! आपल्यालाही ऊब हवी ना?

पेट्रोलचं इंजिन भारी उधळं असतं. समजा त्याला 100 रुपयांची ऊर्जा दिली, तर चाकं फिरवायला ते जेमतेम 25-30 रुपये वापरतं. बाकीची उष्णता होऊन वाया जाते. हिवाळ्यात हीच वाया जाणारी उष्णता गाडीत खेळवली की झालं, हीटर फुकटात! विजेची मोटर मात्र पक्की काटकसरी. 100 पैकी 90 रुपये ती चाकांनाच देते, त्यामुळे ऊब द्यायला तिच्याकडे फारसं काही उरतच नाही.

आता ओळखलं ना कोडं? ज्या गाडीत उधळं इंजिन होतं, तिच्या बॉनेटवरचा बर्फ वितळून गेला. आपल्या गाडीचं बॉनेट थंडगार, म्हणून बर्फ तसाच!

मग आपल्याला ऊब येते कुठून? बॅटरीतूनच. म्हणून कडाक्याच्या थंडीत गाडी एका चार्जिंगमध्ये कमी अंतर जाते. उन्हाळ्यात 400 किलोमीटर धावणारी गाडी हिवाळ्यात 300 वरच दमू शकते.

उकळतं कुठे? बर्फात!

यावरची युक्ती तुमच्या स्वयंपाकघरात उभी आहे. फ्रीज आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. त्यालाच उलटं केलं तर? बाहेरची उष्णता आत! याला म्हणतात हीट पंप. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये तो असतो.

‘पण बाहेर तर उणे 10! तिथे कसली आलीये उष्णता?’ असते हो! हीट पंपात असा एक द्रव असतो, जो साध्या दाबाला उणे 30 अंशांच्या आसपासच उकळतो. त्याच्या दृष्टीनं उणे 10 ची हवा म्हणजे गरम तवाच! त्या हवेतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते. मग पंप ती वाफ दाबतो आणि ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम लागतो, तसंच. अशा रीतीनं एक युनिट वीज खर्चून दोन-तीन युनिटं ऊब मिळते. थंडी फारच वाढली तर मात्र हा नफा घटतो.

आणि अडकलो तर?

समजा पुढचा ट्रक थांबला आणि सगळी रांगच अडकली. घाबरायचं नाही, हिशेब करायचा! आपल्या बॅटरीत अजून 30 युनिटं आहेत. हो, घरच्या वीजबिलावर असतात तीच युनिटं. उभ्या गाडीत ऊब टिकवायला तासाला दीड ते दोन युनिटं लागतात असं धरू. म्हणजे 15 ते 20 तास निवांत! नुसती सीट गरम केली तर आणखी कितीतरी वेळ.

पेट्रोलच्या गाडीला इथे एक मोठा धोका असतो. धूर सोडणारी नळी बर्फानं बुजली आणि इंजिन चालूच ठेवलं, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू गाडीत शिरू शकतो. त्याला ना रंग, ना वास. म्हणून ती नळी सतत मोकळी करावी लागते. आपल्या गाडीला ती नळीच नाही!

पण अडकायची वेळ आलीच नाही. पठार संपलं, आता रस्ता खाली समुद्राकडे, आइडफ्योर्ड गावाला उतरतोय. उतारावर चाकंच मोटर फिरवतात, मोटर वीज तयार करते आणि चालून चालून ऊबदार झालेली बॅटरी ती मुकाट्यानं घेते. काटकसरी गाडीनं चढताना केलेल्या खर्चातला थोडा परत मिळवला!

करून बघा: घरचा फ्रीज चालू असताना त्याच्या बाहेरच्या बाजूंना हळूच हात लावा. बऱ्याच फ्रीजची एखादी बाजू कोमट लागते. ती ऊब कुठून आली असेल? आतल्या दुधाला, भाजीला आणि उरलेल्या वरणाला विचारा!