न सांडणाऱ्या सिपरच्या पोटात

बाळाचा सिपर घ्या, झाकण फिरवून काढा आणि तोटीच्या आतल्या बाजूला बसवलेली सिलिकॉनची छोटी झडप नखाने उचकटून बाहेर ओढा. उजेडात धरून तिची चीर बोटांनी ताणून पाहा. बुळबुळीत काही हाताला लागलं किंवा काळे ठिपके दिसले, तर दचकू नका. सिपर रोज धुतला जात असला तरी ही झडप रोज निघतेच असं नाही.

2016 साली कॅनडातल्या एका पालकाने ‘टॉमी टिपी’ या ब्रँडच्या सिपर-पेल्याची झडप कापली, तेव्हा आत काळी बुरशी निघाली. फोटो समाजमाध्यमांवर पसरला, इतरांनीही आपापल्या घरच्या झडपा कापून पाहिल्या आणि त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिका व कॅनडातून तीस लाखांहून जास्त पेले कंपनीला परत मागवावे लागले. यातला लक्षात ठेवण्यासारखा तपशील वेगळाच आहे. परत मागवलेल्या पेल्यांची झडप पांढरी, अपारदर्शक आणि एकसंध होती, म्हणजे ती उघडून आत पाहायची सोयच नव्हती. दोन तुकड्यांची, उघडता येणारी झडप असलेल्या पेल्यांचा मात्र त्यात समावेश नव्हता.

पेला उलटा केला तरी थेंब सांडत नाही, ही सारी त्या झडपेची किमया. मूल ओढतं तेव्हा तिची चीर उघडते, सोडलं की मिटते. मिटताना दोन-चार थेंब आत अडकतात. मुलाच्या तोंडातली लाळही थोडी मागे येते. अरुंद फटीत पाणी पृष्ठताणामुळे धरून राहतं, हवा पोहोचत नाही, म्हणून ते वाळतही नाही. दुधाची साखर आणि स्निग्धांश, नाचणीच्या पेजेतलं पिष्ट, त्यात तोंडातले जिवाणू आणि वर आपल्याकडची 30 अंशांची हवा. अनुकूल स्थितीत काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. या वेगाने एका जिवाणूचे आठ तासांत पावणेदोन कोटींच्या आसपास होतील. प्रत्यक्षात अन्न आणि जागा संपते म्हणून आकडा इतका फुगत नाही, पण रात्री न धुता राहिलेल्या दुधाच्या सिपरला सकाळी आंबूस वास का येतो हे कळायला तो पुरेसा आहे.

नुसते जिवाणू असते तर पाण्याने वाहून गेले असते. पण पृष्ठभाग मिळाला की ते चिकटतात आणि शर्करा-प्रथिनांचा चिकट थर स्वतःभोवती तयार करतात. याला बायोफिल्म म्हणतात. दातांवरचं कीटणही तेच. सतराव्या शतकात डच संशोधक लेवेनहुकने स्वतःच्या दातांवरचं कीटण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं होतं की व्हिनेगरने वरवरचे जीव मरतात, थराच्या आतले नाहीत. सिपरचंही तेच आहे. जंतुनाशकाचं पाणी आधी थरावरच खर्ची पडतं. थर मोडतो तो घासण्याने.

इथे आपल्या घरोघरची एक सवय उलटी पडते. बाळाची वस्तू म्हटली की पहिल्यांदा उकळतं पाणी. पण दुधातली प्रथिनं उष्णतेने साकळतात आणि पातेल्याच्या बुडाला दूध लागावं तशी फटीत चिकटून बसतात. म्हणून आधी साध्या गार पाण्याने खळखळून दूध काढायचं, मग प्रत्येक भाग सुटा करून साबणाच्या कोमट पाण्यात घासायचा. सिपरला स्ट्रॉ असेल तर तिच्याच मापाचा बारीक ब्रश लागतो, भांड्यांची घासणी आत जात नाही. शिवाय ती घासणी आणि सिंक दोन्ही जंतूंनी भरलेली असतात, तेव्हा बाळाच्या वस्तूंना वेगळं भांडं ठेवलेलं बरं. एवढं झाल्यावर उकळत्या पाण्यात पाच मिनिटं. तान्ह्या किंवा आजारी बाळासाठी हे रोज हवं. धडधाकट दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत घासण्याची जागा उकळण्याने भरून निघत नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी चालेल. दुधाचा पांढरा, खरखरीत थर साबणाने जात नसेल तर तो कॅल्शियमच्या क्षारांचा असतो. पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये तो भाग काही वेळ बुडवला की थर सुटतो.

यानंतर ओट्यावरच्या फडक्याने पुसून झाकण घट्ट लावलं, की केलेल्या कष्टांवर पाणी पडलं. भाग सुटे ठेवूनच वाळवायचे. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात ते रात्रभरातही वाळत नाहीत, म्हणून दोन झडपा आलटून-पालटून वापरणं सोयीचं.

आपल्याकडे पूर्वी बाळाला दूध पाजायचं ते बोंडल्याने. उघडं, उथळ, पुढे चोच असलेलं हे भांडं बोटाने आतून पूर्ण पुसता येतं. जुन्या सगळ्याच गोष्टींचं कौतुक करण्यात अर्थ नाही, पण या बाबतीत बोंडलं सिपरपेक्षा सरस आहे. जागतिक आरोग्य संघटनाही तान्ह्या बाळांना बाटलीऐवजी उघड्या पेल्याने पाजायला सांगते, आणि त्यामागचं एक कारण तो सहज स्वच्छ होतो हेच आहे. वर्षभराचं मूल स्टीलच्या फुलपात्रातून प्यायला शिकू शकतं. सांडेल, अंगावर घेईल, तेवढी तयारी ठेवायची. प्रवासाला सिपर लागणारच असेल, तर दुकानातच त्याचे सगळे भाग सुटे करून बघा. जो भाग उघडत नाही तो धुताही येणार नाही. आणि घरच्या झडपेवरचे काळे ठिपके घासूनही जात नसतील, तर नवी झडप आणा. ती सुटी मिळत नसेल तर सिपरच टाकून द्या.