समुद्रतळाचा स्फुरद आणि कयाधूकाठची काळी माती

हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन आणि हळदीच्या रानांत दरवर्षी पडणाऱ्या रासायनिक खतांतील स्फुरद हा तेथील भूगर्भातून आलेला नसतो. कारण या भूमीखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून झालेला बेसाल्ट आहे आणि त्यात अ‍ॅपेटाइट या खनिजाच्या सूक्ष्म कणांच्या रूपाने विखुरलेला स्फुरद एका टक्क्याहूनही बराच कमी भरतो. खाणीतून काढण्याजोगा स्फुरद मुख्यतः प्राचीन समुद्रतळांवर साचलेल्या गाळाच्या खडकांतच, म्हणजे फॉस्फोराइटमध्ये, मिळतो.

समुद्राच्या उजेडी थरातील सूक्ष्म वनस्पती स्फुरद शोषून घेतात आणि त्यांचे अवशेष खाली जाऊन कुजत असल्याने खोल पाणी त्याने समृद्ध होते. पेरू किंवा नामिबियाच्या किनाऱ्यासारख्या ठिकाणी वारे वरचे पाणी दूर लोटतात, तेव्हा हे थंड पाणी वर येते. रशियन शास्त्रज्ञ काझाकोव्ह यांनी १९३७ मध्ये फॉस्फोराइटचा उगम या प्रवाहांशी जोडला. हा धागा बरोबर होता, मात्र खनिज थेट समुद्राच्या पाण्यातून साकळते ही त्यांची कल्पना टिकली नाही. खरी घडामोड तळाच्या चिखलात होते. तेथे जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवतात, कणांमधल्या पाण्यात सुटा झालेला स्फुरद साठत जातो आणि कॅल्शियम, फ्लोराइड व कार्बोनेट यांच्याशी बांधला जाऊन फ्रँकोलाइट हे खनिज बनते. नामिबियाच्या चिखलातील थायोमार्गारिटा नावाचे महाकाय जिवाणू स्वतःत साठवलेला स्फुरद बाहेर सोडून या प्रक्रियेला हातभार लावतात, असे २००५ मध्ये दाखवले गेले. एवढ्यानेही खाण होत नाही. प्रवाहांनी हलका चिखल पुन्हा पुन्हा धुऊन नेला आणि जड कण मागे उरले, तरच थर समृद्ध होतो. या धुलाईचे श्रेय रसायनाइतकेच मोठे आहे, पण त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

भारतात उदयपूरजवळच्या झामरकोटडा येथे १९६८ मध्ये असा मोठा साठा सापडला. तेथील स्फुरद प्राचीन सूक्ष्मजीवांच्या चटयांनी रचलेल्या थरांत आहे. तरीही देशाची गरज बव्हंशी आयातीवरच भागते. फॉस्फोराइट खडक पाण्यात विरघळत नसल्याने कारखान्यात त्यावर आम्लाची प्रक्रिया करावी लागते. ‘सुफला’ हे खत बनवणाऱ्या ट्रॉम्बे येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात त्यासाठी नायट्रिक आम्ल वापरतात.

मात्र आम्लाने मोडलेली कॅल्शियम आणि स्फुरदाची जोडी शेतात पुन्हा जुळू लागते. मराठवाड्याची काळी माती बहुतांशी चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी असल्याने तिच्यातील कॅल्शियम खतातल्या स्फुरदाला पकडून अविद्राव्य करते. समुद्रतळावर ज्या आकर्षणाने खडक घडवला, तेच येथे पिकाच्या वाट्याला आलेला स्फुरद अडवते. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या मातीत दळलेला कच्चा खडकही सावकाश विरघळतो, पण हिंगोलीतील कयाधू नदीच्या काठी तो जवळजवळ तसाच पडून राहतो. म्हणून अशा जमिनीत विद्राव्य खत पसरून न टाकता बियाण्यालगत पेरून देण्याची आणि सेंद्रिय आम्ले सोडून स्फुरद मोकळा करणारे जिवाणू पेरणीपूर्वी बियाण्याला चोळण्याची शिफारस केली जाते.